दिसणारे बटण आणि खरे बटण: संकेतस्थळांची सुगम्यता, मानके आणि कायदा

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन केवायसीबद्दल, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या प्रक्रियेबद्दल, एक निकाल दिला. खाते उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून आपण समोर हजर असलेला जिवंत माणूस आहोत हे अनेक ठिकाणी दाखवावे लागते. अ‍ॅसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्या भाजल्या त्यांना ते करता येत नाही, आणि ज्यांना दिसतच नाही त्यांना चेहरा चौकटीत कुठे धरायचा हे कळत नाही. अशा नागरिकांच्या याचिकांवर न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या पीठाने वीस निर्देश दिले आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. ही बातमी बहुतेकांनी बँकांची बातमी म्हणून वाचली. मी इंदूरमध्ये संकेतस्थळे बनवण्याचे काम करतो आणि माझे ठाम मत असे आहे की हा निकाल कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाला आणि तो लिहून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला लागू पडणारा विचार मांडतो. तो का, हे समजून घ्यायचे तर संकेतस्थळाचे पान आतून कसे असते, इथून सुरुवात करावी लागेल.

## पडद्यावरचे पान आणि त्यामागचे पान

संकेतस्थळाचे पान ब्राउझरकडे चित्राच्या रूपात येत नाही. ते खुणा केलेल्या मजकुराच्या रूपात येते. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, ही माहिती भरण्याची चौकट, असे सांगणाऱ्या त्या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली आणि १९९४ मध्ये वेबची मानके ठरवण्यासाठी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था उभी केली. एकाच पानाचा अर्थ प्रत्येक यंत्राला सारखाच लागावा, हा या मानकांचा हेतू आहे.

डोळस वाचकाला या खुणा दिसत नाहीत, त्यांच्यावरून ब्राउझरने रंगवलेले पान तेवढे दिसते. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरतो. अँड्रॉइड फोनवरचे टॉकबॅक आणि आयफोनवरचे व्हॉइसओव्हर ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. संगणकावर एनव्हीडीए हे विनामूल्य सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर वापरले जाते आणि त्याची सुरुवात २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या प्रोग्रामरने केली. हे सॉफ्टवेअर पडद्यावरचे रंग आणि आकार पाहत नाही, खुणांवरून ब्राउझरने तयार केलेली रचना वाचते. म्हणून कोडमध्ये जी गोष्ट सांगितलेली नाही, ती या वाचकापुरती पानावर नसतेच.

अपंगत्व असलेल्या व्यक्तीलाही पान वाचता यावे, भरता यावे आणि त्यात वावरता यावे, या गुणाला सुगम्यता म्हणतात. केंद्र सरकारच्या २०१५ च्या सुगम्य भारत अभियानामुळे हा शब्द आपल्याकडे रुळला आहे.

## नेपथ्यातले दार

एचटीएमएलमध्ये बटणासाठी 'बटन' हीच खूण आहे. ती वापरली की काही गोष्टी आपोआप मिळतात: टॅबची कळ दाबत गेल्यावर त्या बटणापाशी थांबता येते, एंटर किंवा स्पेसबारने ते दाबता येते आणि स्क्रीन रीडर त्याचे नाव घेऊन पुढे 'बटण' असे सांगतो. याउलट 'डिव्ह' ही स्वतःचा काही अर्थ नसलेली खूण आहे, तिच्यातून नुसता एक चौकोन तयार होतो. त्या चौकोनाला निळा रंग आणि गोल कोपरे दिले, वर 'पुढे जा' असे लिहिले आणि माउसने टिचकी मारल्यावर काम होईल एवढा कोड जोडला, की तो हुबेहूब बटण दिसतो. इंदूरच्या सानंद या संस्थेच्या नाटकांना नेमाने जाणाऱ्यांना नेपथ्यातले रंगवलेले दार परिचयाचे असेल. प्रेक्षागृहातून ते दारच दिसते, पण त्याला कडी नसते, बिजागरी नसते आणि ज्याला त्यातून पलीकडे जायचे आहे त्याच्यासाठी ती भिंतच असते. डिव्हचे बटण हे तसले दार आहे.

रामबागेत राहणाऱ्या आणि दृष्टी गेलेल्या एका निवृत्त शिक्षकांबरोबर बसून मी एका संस्थेचा सभासद-नोंदणीचा फॉर्म संगणकाचा पडदा बंद ठेवून ऐकला आहे. पहिल्या चौकटीत गेल्यावर एनव्हीडीए म्हणाले, "एडिट, ब्लँक," म्हणजे भरण्याची एक रिकामी चौकट. दुसऱ्या चौकटीतही तेच, तिसऱ्या चौकटीतही तेच. 'नाव', 'जन्मतारीख', 'पत्ता' हे शब्द पानावर चौकटींच्या डाव्या बाजूला व्यवस्थित छापलेले होते, पण कोणता शब्द कोणत्या चौकटीचा हे सांगणारी 'लेबल' ही खूण कोडमध्ये नव्हती. मी वाचून सांगितले तसे सरांनी सगळे भरले आणि टॅब दाबत पुढे निघाले, तर 'जमा करा' आलेच नाही. टॅब शेवटच्या चौकटीवरून थेट पानाच्या तळाशी असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर गेला, कारण 'जमा करा' हा डिव्ह होता. भरलेला फॉर्म समोर होता आणि तो पाठवण्याचा कोणताही मार्ग त्यांच्या हातात नव्हता. सरांनी फक्त एवढेच विचारले की सभासद व्हायला आता दुसऱ्या कुणाला घेऊन यायचे का.

दुरुस्तीला काय लागले असते? डिव्हच्या जागी बटन ही खूण आणि प्रत्येक चौकटीला एक लेबल. नवे तंत्रज्ञान नाही, महागडे साधन नाही, वेगळे दुसरे पान तर मुळीच नाही. सुगम्यता म्हणजे काम संपल्यावर वरून जोडायची एखादी सोय आहे, हा समज माझ्या व्यवसायात इतका पक्का आहे की हे वारंवार सांगावे लागते: तिचा बराच मोठा भाग म्हणजे एचटीएमएल मानकाप्रमाणे लिहिणे, एवढाच आहे. हात थरथरत असल्यामुळे माउस धरता न येणाऱ्यालाही हेच दोन बदल उपयोगी पडतात, कारण तोही कळफलकावरूनच काम करतो.

## मग हे सर्रास चुकते का?

कारण पाहणाऱ्याला काहीच चुकलेले दिसत नाही. ग्राहक पान डोळ्यांनी पाहून पसंत करतो, प्रोग्रामर माउसने तपासतो आणि पैसे चुकते होतात. अमेरिकेतील युटा राज्य विद्यापीठाशी संबंधित असलेली वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे यंत्राने तपासते. २०२४ च्या तपासणीत ९५.९ टक्के मुखपृष्ठांवर सुगम्यतेचे दोष सापडले. त्यांतले बहुतेक दोष सहाच प्रकारचे होते: फिकी अक्षरे, वर्णन नसलेली चित्रे, लेबल नसलेल्या चौकटी, नाव नसलेले दुवे, नाव नसलेली बटणे आणि पानाची भाषा न सांगणे. यांतले एकही काम अवघड नाही. आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून कोड लिहून घेण्याची पद्धत वाढते आहे, पण ती यंत्रणा आजवर लिहिल्या गेलेल्या कोडवरच शिकलेली असल्यामुळे त्यातले डिव्ह-बटणही ती उचलते. तो कोड तपासण्याची जबाबदारी कमी होत नाही.

## मानकात नेमके काय लिहिले आहे?

सुगम्यतेचे जगभर मान्य झालेले मानक म्हणजे डब्ल्यूथ्रीसीचे डब्ल्यूसीएजी. त्याची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये, दुसरी २००८ मध्ये आली. २.१ ही आवृत्ती २०१८ ची आणि २.२ ही २०२३ ची आहे. त्यात ए, एए आणि एएए अशा तीन पातळ्या आहेत आणि कायदे व कंत्राटे सहसा मधली एए पातळी मागतात. या कसोट्या पुष्कळशा मोजता येण्याजोग्या असतात, म्हणून 'अक्षरे जरा ठळक करा' असली मोघम सूचना त्यांत सापडत नाही.

रंगांचेच पाहा. अक्षरांच्या आणि पार्श्वभूमीच्या उजळपणाचे गुणोत्तर काढायचे असते. पांढऱ्यावर काळे म्हणजे २१, आणि दोन्ही रंग एकच असले तर १. नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी ते किमान ४.५ हवे. आपल्या गणेशोत्सव मंडळांच्या आणि संस्थांच्या पानांवर पांढऱ्यावर केशरी अक्षरे फार आवडीने घेतली जातात. एफएफ-९९-३३ या सांकेतिक क्रमांकाचा जो केशरी रंग वेबवर सर्रास वापरतात, त्याचे पांढऱ्याशी गुणोत्तर जेमतेम २.१ भरते. मोतीबिंदू झालेल्या आजोबांना किंवा उन्हात फोन धरणाऱ्या तरुणालाही तो मजकूर नीट वाचता येत नाही. तोच केशरी पार्श्वभूमीला ठेवून वर काळी अक्षरे घेतली की गुणोत्तर ९.८ च्या पुढे जाते. केशरी सोडायला कुणी सांगत नाही.

कॅप्चा, म्हणजे वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहिण्याची परीक्षा, हा आपल्याकडचा सर्वांत कठोर अडसर आहे, कारण फक्त चित्राचा कॅप्चा दृष्टिहीन माणसाला पूर्णपणे बाहेर ठेवतो. एवढेच हवे असेल की यंत्रांनी फॉर्म भरू नयेत, तर ते काम वापरणाऱ्याची परीक्षा न घेता सर्व्हरच्या बाजूनेही बऱ्याच प्रमाणात करता येते. ओटीपीची मुदतही त्याच पंगतीतली: स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला संदेश उघडून, आकडे ऐकून, परत येऊन चौकट शोधायला वेळ लागतो, आणि मुदत वाढवून मागण्याची सोय असावी असे मानक सांगते.

## इंदूरच्या मराठी पानांचा खास प्रश्न

पानाची भाषा सांगणे हा वरच्या सहा दोषांतला सर्वांत किरकोळ वाटणारा दोष आहे, पण आपल्याला तोच सर्वाधिक बाधतो. स्क्रीन रीडरने कोणत्या भाषेचा आवाज वापरायचा, हे एचटीएमएलच्या पहिल्याच खुणेत लिहायचे असते: हिंदीसाठी 'एचआय', मराठीसाठी 'एमआर'. गुजराती पान लिपीवरून तरी ओळखू येईल, पण मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत असल्यामुळे यंत्राला लिपीवरून अंदाज बांधता येत नाही. इंदूरमध्ये बहुतेक पाने हिंदी नमुन्यावरून उचललेली असतात, मजकूर मराठी होतो आणि खूण 'एचआय'च राहते. मग हिंदी आवाज 'ज्ञानेश्वर' हे नाव 'ग्यानेश्वर' असे वाचतो. एकाच पानात हिंदी सूचना आणि मराठी निमंत्रण असेल तर ज्या परिच्छेदाची भाषा वेगळी आहे त्यावर वेगळी खूण करता येते, आणि एए पातळीला ते आवश्यकच आहे.

याहून गंभीर गोष्ट जुन्या फॉन्टांची आहे. कृतिदेवसारख्या फॉन्टात टंकलेला मजकूर देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात. कृतिदेवमध्ये 'भारत' असे दिसण्यासाठी आत साठवलेली अक्षरे एच, के, के, जे, आर अशी असतात, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. शोधयंत्रालाही तो मजकूर सापडत नाही. युनिकोड या सर्व लिप्यांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या मानकात देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, तरीही संस्थांची इतिवृत्ते, घटना आणि सभासदांच्या याद्या अजून जुन्या फॉन्टात किंवा नुसत्या स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये पडून आहेत. इंदूरसारख्या, महाराष्ट्राबाहेरच्या शहरात मराठी कागद मुळातच मोजके. तेही ऐकता येणार नाहीत आणि शोधता येणार नाहीत, ही हानी मला फार मोठी वाटते.

## मानक ऐच्छिक, मग कायदा कुठून आला?

डब्ल्यूथ्रीसी कुणाला दंड करू शकत नाही. मानकाला धार येते ती कायद्याने त्याचे नाव घेतल्यावर. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा आपल्याकडचा मूळ कायदा. त्याचे ४० वे कलम केंद्र सरकारला सुगम्यतेचे नियम करायला सांगते, आणि ४६ वे कलम म्हणते की सेवा देणारा सरकारी असो वा खासगी, त्याने त्या नियमांप्रमाणे दोन वर्षांच्या आत सेवा द्यायची आहे. ८९ व्या कलमात दंड आहे: पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत, पुढच्याला पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. 'आम्ही कुठे सरकारी आहोत' हा बचाव त्यामुळे टिकत नाही.

अडचण नियमांत होती. २०१७ च्या नियमांतील १५ व्या नियमाने वेगवेगळ्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवले. २०२३ मध्ये त्यात भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७८०२ हे माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचे मानक आले. परंतु मार्गदर्शक तत्त्व म्हणजे 'असे करावे', आणि नियम म्हणजे 'असे केलेच पाहिजे'. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूडी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हा फरक धरला. कायदा सक्तीची भाषा बोलतो आणि १५ (१) हा नियम सगळे ऐच्छिक ठेवतो, म्हणून तो मूळ कायद्याशी विसंगत आहे असे ठरवून न्यायालयाने किमान सक्तीच्या अटी वेगळ्या काढण्यासाठी सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. एप्रिल २०२५ चा केवायसीचा निकाल याच विचाराच्या पुढची पायरी आहे, आणि त्यानंतर ३१ जुलै २०२५ रोजी सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेनेही आपल्या अखत्यारीतील संस्थांना सुगम्यतेबद्दल परिपत्रक काढले.

प्रोग्रामर म्हणून मला न्यायालयाची ही भूमिका मनापासून पटते. 'शक्य तितके सुगम्य ठेवा' अशा वाक्याची चाचणी लिहिता येत नाही. 'गुणोत्तर ४.५' याची येते.

## "आमच्याकडे दृष्टिहीन ग्राहकच येत नाहीत"

ज्या पानावर त्यांना फॉर्म पाठवता येत नाही, त्या पानाच्या नोंदींत ते दिसणार कसे? २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली आणि त्यांत दृष्टिदोष असलेले ५० लाखांहून अधिक होते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार वाढवून २१ केले, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ही संख्या आणखी मोठी आहे. वयोमानाने नजर अधू झालेले आपल्या घरातले वडीलधारे तर यात कुठे मोजलेच जात नाहीत.

## "एक विजेट बसवले की काम होते ना?"

पानाच्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचे चिन्ह, त्यावर टिचकी मारली की अक्षरे मोठी होतात, रंग बदलतात: असे तयार विजेट विकणारे पुष्कळ आहेत आणि एका ओळीच्या कोडने संकेतस्थळ मानकाप्रमाणे होते असे ते सांगतात. हे मान्य करू नये. डिव्ह हे बटण आहे की सजावट, चित्रात नेमके काय सांगायचे आहे, कोणते नाव कोणत्या चौकटीचे, हे लिहिणाऱ्याच्या मनातले अर्थ बाहेरचे यंत्र खात्रीने ओळखू शकत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये अशाच एका विजेट कंपनीला तिच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल दहा लाख डॉलर भरायला लावले. शिवाय दृष्टिहीन माणसाकडे त्याच्या सवयीचा स्क्रीन रीडर असतोच. त्याला दुसरा नको असतो, त्याच्या स्क्रीन रीडरला वाचता येईल असे पान हवे असते.

## "लहान संस्थेला हे परवडणार नाही"

हा आक्षेप मला प्रामाणिक वाटतो. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला किंवा राजवाड्याजवळच्या साडीच्या दुकानाला तज्ज्ञाकडून संपूर्ण तपासणी करून घेणे जड जाईल. युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला, आणि सेवा देणारे अगदी छोटे व्यवसाय, म्हणजे दहापेक्षा कमी कर्मचारी आणि वीस लाख युरोपर्यंतची उलाढाल असलेले, त्यातून वगळले आहेत. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर किंवा क्रिस्टल आयटी पार्कमध्ये बसून युरोपातील ग्राहकांची संकेतस्थळे बनवणाऱ्यांना हा कायदा ठाऊक असावाच लागतो. आपल्याकडे मात्र सरसकट सूट देण्यापेक्षा लहानांना जास्त मुदत द्यावी असे माझे मत आहे, कारण सूट मिळाली की नवे पानही जुन्याच सवयीने बनते, आणि नवे पान नीट बनवायला जवळजवळ काहीच जास्त खर्च येत नाही. खर्च येतो तो बिघडलेले जुने पान उसवून पुन्हा शिवायला.

जुन्या पानांतही सगळे एकदम करायचे नसते. ज्याच्यावाचून माणसाचे काम अडते ते आधी: लॉगिन, नोंदणी, पैसे भरणे, तक्रार. त्यानंतर सूचना आणि पत्रके, शेवटी छायाचित्रांचे संग्रह. तपासायला सुरुवातीला कोणतेही साधन विकत घ्यावे लागत नाही. माउस बाजूला ठेवून फक्त टॅब, एंटर आणि स्पेसबारने आपलाच फॉर्म भरून पाहावा. आपण आत्ता कुठे आहोत हे दाखवणारी चौकट पानावर दिसते का, तेही पाहावे, कारण सुबक दिसत नाही म्हणून ती काढून टाकण्याची वाईट सवय आमच्या व्यवसायात आहे. मग फोनवरचे टॉकबॅक चालू करून, पडद्याकडे न पाहता तोच फॉर्म पुन्हा भरावा.

संकेतस्थळ बनवून घेणाऱ्या संस्थांच्या चिटणिसांना आणि कोषाध्यक्षांना एक गोष्ट आजच करता येईल. कार्यादेशात 'आकर्षक व आधुनिक संकेतस्थळ' असे लिहिण्याबरोबर आणखी चार अटी घालाव्यात: पाने डब्ल्यूसीएजी २.१ च्या एए पातळीला उतरावीत, सर्व फॉर्म केवळ कळफलकाने भरता यावेत, मजकूर युनिकोडमध्ये असावा आणि मराठी पानांवर मराठीची खूण असावी. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीला मानधन देऊन बोलवावे आणि तिच्याकडून नोंदणीचा फॉर्म एकटीने, कुणाच्या मदतीशिवाय, भरून घ्यावा. तो पाठवला गेला, तर हप्ता द्यावा.